वरचा सा कोणाचा

प्रिय कुसुमताई,

उद्या सकाळच्या एसटीनं वाशीमले जायचं हाय अन् अजून माहं गाणं ठरलं नाही. म्हणून तुले लिहून राह्यली. हे बोलावं असं दुसरं कोणी उरलं नाही. तुले जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात तुह्यासाठी मी जेवढी रडली, तेवढीच तुह्यावर चिडलीबी.

वाशीमची एक मोठी मंडळी संगीत नाटक बसवून राह्यली. राणीच्या कामाले वरच्या पट्टीत गाणारी पोरगी पाह्यजे. शाळेच्या हॉलमध्ये एकेकीचं एकच गाणं ऐकतीन अन् तिथंच निवड. मले हे काम पाह्यजे, ताई. लोकायच्या वावरात निंदता निंदता म्हातारी व्हायचं नाही मले. हे पहिल्यांदा तुलेच सांगतलं होतं, आठवते?

करीमचाचा म्हणे, "बेबी, अपने कुसुमवालाच गाना गा. वरचा सा असा लाव, का बसलेले लोक उठून उभे राह्यले पाह्यजे." बोलता बोलता शिलाई मशीनवर पाय चालूच होता. आपल्या नाटकात पेटी वाजवणारे तेच, त्यायले सारं माहीत हाय. तुले, मले अन् चाचाले, तिघायशिवाय कोणालेच नाही.

आपल्या वस्तीतल्या मंडळीचं तुहं ते शेवटचं नाटक. घशात गाठ आली होती अन् आवाज वर चढेचना. तालमीत दोनदा फाटला. नाटक चार दिवसांवर आलं, तवा तू मले चाचाच्या दुकानामागं नेलं अन् म्हटलं, "वरच्या ओळी तू म्हणजो. पडद्याआड, पेटीपाशी बसून. मी तोंड हालवीन." मी इचारलंबी नाही काहून. तू मोठी. तू सांगतलं, मी बसली.

तिन्ही प्रयोग तसेच केले. खाली तू, वर मी. जोड कोणालेच समजला नाही. लोकायनं तुले हार घातले अन् मी पडद्यामागं तुह्या चपला धरून उभी. एकदा तरी म्हणावं का नाही, "बेबी, बरं म्हटलं"? उलट त्या दिवसापासून तू माह्याशी नीट बोललीच नाही. लाज वाटे, का माह्या आवाजाचा राग ये? दवाखान्यात आठ दिवस तुह्या उशाशी होती, तरी मी इचारलं नाही. ते चुकलंच माहं.

आता आईचं ऐक. विहिरीवर कोणी भेटलं का तिचं सुरू होते, "माह्या कुसुमचा आवाज शेवटपर्यंत फाटला नाही. घशात गाठ असून कशी वर चढली पोरगी." सकाळी बुद्धवंदना झाली का तुह्या फोटोपुढं बसून हेच. तेवढ्यावर दिवस काढून राह्यली बिचारी.

अन् उद्या आई माह्यासंग येणार हाय. नको म्हटलं त रुसली. समोरच बसन ते. तुहं गाणं घेतलं अन् मी वरच्या ओळीले गेली, का तिले एका घडीत समजन तो आवाज कोणाचा होता. तवा तुह्या तोंडाकडं पाहून ऐकलं म्हणून फसली. नाहीतर तिचे कान तुले माहीत हायेत, पायाच्या आवाजावरून सांगे, कुसुम आली का बेबी. म्हणून त वर्षभर घरात मी त्या ओळी तोंडातच घेतल्या नाही.

दुसरं एक गाणं हाय माह्यापाशी, चाचानंच बसवून देलेलं. त्याची चाल अन् ओळी दुसऱ्याच, त्यावरून आईले ओळख पटणार नाही. पण कच्चं हाय. वरचा सा पाचदा लावला त दोनदा फाटते. आज दुपारी बांधावर म्हणून पाह्यलं. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा असा फाटला का निंदणाऱ्या बाया हासल्या. चाचा त वैतागलेच. "पागल झाली का? पक्कं सोडून कच्चं घेऊन चालली. आईले मी समजावतो." काय समजावतीन ते? "तुही कुसुम नुसती तोंड हालवत होती" म्हणून?

मले राग येते, ताई. चुलीपुढं बसल्या बसल्या डोळे भरून येतात. आवाज माहा, टाळ्या तुह्या, अन् गेल्यावरबी तूच माह्या वाटेत आडवी. सांग न, एका कामापायी आईपासून तुले दुसऱ्यांदा हिरावू का मी? तू असती त म्हटलं असतं, "म्हण बेबी, घे तेच गाणं." अन् मंग भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली असती. तुले ओळखत नाही का मी?

बस, लिहिता लिहिता ठरलं. कच्चंच म्हणीन. लागला त राणी माही. फाटला त फाटला, घरी येऊन पुन्हा खुरपं हातात घेईन.

अन् एक वचन देते तुले. उद्या तो सा फाटला, त येतांनी एसटीत आई म्हणनच, "बेबी, तुले कुसुमची सर नाही." मी तिच्या जवळ सरकून बसीन अन् म्हणीन, "हो आई. ताईसारखं वर जाणं कोणाले जमते?"

तुही,
बेबी