शहाडला न प्यालेला चहा

प्रिय एस्तेरमावशी,
सलाम.

तुम्ही गेल्याला दीड महिना झाला. पत्र लिहायची हिंमतच होत नव्हती, आजही झाली नसती. पण गेल्या रविवारी प्रेरणाने डब्यातून चिठ्ठी उचलली, उघडली आणि माझ्याकडे बघतच राहिली. चिठ्ठीवर तुमचं नाव होतं.

"टीचर, आता मी कोणाच्या घरी जाऊ?"

नऊ वर्षांची पोर! काय सांगू तिला? "नंतर सांगते," म्हटलं आणि गाणं सुरू केलं. तुमचं नाव डब्यातून काढायला कोणाचा हातच धजला नाही, मावशी. माझा तर नाहीच नाही.

बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा! दिवा गावातल्या आपल्या संडे स्कूलमध्ये मी सात वर्षांची आले तेव्हाही हाच होता. ज्याचं नाव निघेल तो आठवड्याचा सोबती. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि शनिवारी त्याच्या घरी जाऊन बायबल वाचायचं, एक वचन तू, एक मी. मला एकदा ती भांडकुदळ सिल्विया निघालेली. मी भोकाड पसरलं. तुम्ही म्हणालात, "अगं, आवडत्या माणसासाठी प्रार्थना करायला काय लागतं? जा तिच्याकडे." गेले तर ती तापाने फणफणलेली, घरात एकटी. आज माझी जिवाभावाची मैत्रीण कोण, तर तीच.

तुम्ही स्वतःचंही नाव डब्यात टाकायचात. "म्हातारीलाही सोबती लागतो रे बाबांनो!" पोरं हसायची, मीही हसायचे. तुम्ही खरंच सांगत होतात ना?

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात तुमची चिठ्ठी मला निघाली. गुडघ्यांमुळे वर्ग माझ्यावर सोपवून तुम्ही मागच्या खुर्चीवर बसायला लागलेलात. आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या नोकरीने पिट्ट्या पाडलेला. शनिवारी टँकर आला, पाणी भरता भरता दुपार गेली. सगळी कारणं खरी आहेत. पण संध्याकाळी मी मोकळी होते, मावशी. मोबाईल बघत लोळत होते. तिथूनच तुम्हाला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, खाली लिहिलं, 'प्रार्थनेत आठवण आहे.' प्रार्थनाही केली नव्हती.

रविवारी पोरांनी मलाच धरलं. "टीचर, तुम्ही गेलेलात मावशींकडे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, गेलेले ना!" आणि मग मागे नजर गेली. तुम्ही तिथेच बसलेल्या! अक्कल गहाण टाकलेली की काय मी?

तुम्ही म्हणालात, "हो हो, आलेली. चहा पिऊन गेली."

का, मावशी? खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आमच्याकडून घोकून घेतली कोणी? लहानपणी मी पेरू चोरून 'सापडला' म्हणाले, तर तुम्ही मला हाताला धरून मालकाच्या दारात उभं केलंत. मग या वेळीच का पाठीशी घातलंत? चारचौघांत उघडी पाडायला हवी होतीत मला. रडले असते, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते, पण सुटले असते हो!

जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "ये गं कधीतरी." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी नक्की." गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही जरा आडव्या झालात, त्या उठलाच नाहीत.

कबरस्तानात काकांनी माझा हात हातात घेतला. "पोरं सांगत होती, तू येऊन गेलीस म्हणून. मी तेव्हा बाजारात गेलेलो असेन. बरं झालं, तिला भेटलीस." मी मान हलवली. तुमच्यावर माती पडत होती आणि मी मान हलवत होते. लाज वाटते मला स्वतःची.

आता वर्गाची दशा ऐका. पोरंही एकमेकांना जोडलेले हात पाठवतात. घरी कोणी जात नाही, बायबल कोणी उघडत नाही. विचारलं तर 'गेलेलो' म्हणतात. मला कळतं, तरी पुढे विचारत नाही. कोणत्या तोंडाने विचारू? इतक्या वर्षांचा तुमचा डबा माझ्या हातात आला आणि दीड महिन्यात नुसता पत्रा उरला.

आज प्रेरणाच्या आईला फोन केला. या शनिवारी प्रेरणा आणि मी शहाडला तुमच्या घरी जातोय, काकांकडे. तुमची चिठ्ठी डब्यातच राहील. ज्याला निघेल त्याने काकांसोबत वाचायचं. पण आधी मी त्यांना खरं सांगणार, प्रेरणाच्या देखत. आणि रविवारी सगळ्या वर्गाला. मागची खुर्ची रिकामी असेल, सांभाळून घ्यायला कोणी नसेल. तेच बरं.

काका चहा विचारतील की तोंडावर दार लावतील, देव जाणे. विचारलाच, तर पिऊन येईन. माझ्यासाठी तुम्ही एकदाच खोटं बोललात, मावशी. तेवढं तरी खरं करून येते.

तुमची,
विनया