माडी पडण्याआधी

मी, गुणवंती हरेश्वर तांडेल, वय एकसष्ट, धंदा मासळी विकणे, राहणार वरळी कोळीवाडा, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. लिहिण्यासाठी कोणी जबरदस्ती केलेली नाही. झाली ती लिहू नये म्हणून झाली.

१. राहते घर माझ्या पतीने बांधले व ते माझ्या नावावर आहे. खाली मी व मुलगा जयवंत राहतो. माडीवर भाडेकरू शिवा गुरव, त्याची बायको मालन व दोन मुली. शिवा गिरणीत होता. संपात पगार गेला, तेव्हापासून मी भाडे मागितलेले नाही. सध्या तो भिवंडीला काम शोधतो आहे.

२. होडी व जाळी जयवंतला. दर्यावर तो बापाइतका मेहनती आहे, हे मी नाकारत नाही. घर मात्र त्याला नाही. माडी रिकामी करून घर विकायचे त्याच्या मनात आहे. मागच्या पावसाळ्याआधी दुरुस्ती म्हणून त्याने माडीच्या मागच्या कडेची कौले उतरवली, ती चढवलीच नाहीत. मागची भिंत भिजून फुगली. बुधाजी गवंड्याला मी दोनदा बोलावले. जयवंतने त्याला दारातूनच परत पाठवले. विचारले तर म्हणाला, "आये, ते भाडं देत नाय. त्यांची भिंत आपण कशाला बांधायची?"

"भिंत आपली आहे," मी म्हटले. "ते नुसते तिच्याखाली झोपतात."

३. चैत्रात माडीचा सज्जा मालनसकट खाली आला. तिचा पाय मोडला. हवालदाराने विचारले, "मालक कोण?" जयवंत शेजारीच होता, तो मागे सरकला. मी म्हटले, "मी." इस्पितळात मालनने माझा हात धरला. "मावशी, आता आम्हाला काढणार काय?" पाय तिचा मोडला आणि भीतीही तिलाच. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

४. घर मुलगी शांती, राहणार माहीम, हिला. माझे सोने मोडून तिने आधी भिंत व छप्पर करावे. शिवाच्या कुटुंबाला काढू नये, त्यांचे पाणी तोडू नये. त्याला पगार लागला तरच भाडे घ्यावे, व पावती द्यावी. शांती, हे तुला बक्षीस नाही, ओझे आहे. दुसरे कोणी मला दिसत नाही. सोने मी आजच मोडले असते, पण कपाटाची चावी जयवंतकडे आहे. वकील म्हणतात, फिर्याद करा. पोटच्या मुलावर फिर्याद माझ्याने होत नाही.

५. पाऊस तोंडावर आला आहे. भिंत यंदा टिकणार नाही, असे बुधाजी सांगतो. म्हणून आज मालन व मुलींना खाली पुढच्या खोलीत आणले आणि माझी वळकटी माडीवर नेली. मालन रडली. मी ऐकले नाही. जयवंत जिन्याखाली आला.

"आये, खाली ये. भिंत अंगावर येल."

"मग गवंड्याला बोलाव."

मी भिंतीखाली गेले, तर त्याच्यावर खटला भरू नये. हे मी माडीवर बसून लिहिते आहे. तो अजून जिन्याखालीच उभा आहे. वर येत नाही, आणि बुधाजीकडेही जात नाही.

सही: गुणवंती हरेश्वर तांडेल

आमच्यासमक्ष सही केली:
काशीबाई धोंडू वैती, शेजारीण
नाना भिवा पाटील, शेजारी

वरळी कोळीवाडा, मुंबई
२७ मे १९८४