पखवाजाची कणीक

अण्णा, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपली, स्वयंपाकघरात परात घेऊन बसलो आणि सिलिकॉन मळायला घेतलं. काचेच्या खिडक्या बसवताना नळीतून फटीत भरतात ते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या खिडक्यांना लाकडी गज होते. आता नाशकात माझं पोट ह्याच नळीवर चालतं. त्यात मक्याचं पीठ घातलं की कणकेसारखा गोळा होतो. घरभर आंबट वास सुटला. तुमची सून दारातूनच म्हणाली, "अहो, ह्याच्या पोळ्या लाटू का पुऱ्या तळू? आणि ती परात आता तुम्हालाच ठेवा."

मी पुरीएवढी चकती थापून वाळत ठेवली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय खर्ज येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पण गावच्या मांडवावर आता पत्रा आहे, खाली नुसती भट्टी. दोन अभंगांत कणीक वाळते आणि पखवाज रिकाम्या डब्यासारखा बोलतो. आदल्या रात्री तर भर गजरात ती निघून एका टाळकऱ्याच्या पायावर पडली. सगळे हसले. तुमचे जोडीदार विणेकरी बाबा मात्र हसले नाहीत. "उद्या काल्याचं कीर्तन हाय. परत पडली तर घोटीचा वादक बसंल तिथं. तुझ्या बापाची जागा हाय म्हणून एकदा सांगतो."

ती जागा मला सोडवत नव्हती. तशी तुमचीही कणीक एकदा पडली होती, मी पातळ मळली म्हणून. ठेका न सोडता तुम्ही ती मांडीवरून उचलून पुन्हा थापलीत आणि घरी आल्यावर विचारलंत, "पखवाजाला जेवू घालतो का आंघोळ घालतो रे?"

काल्याच्या कीर्तनात चकती मात्र हलली नाही. पखवाज असा घुमला की बुवांनी कीर्तन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मागचे टाळकरी तेवढे कुणाच्या डब्यातलं लोणचं बिघडलं ते शोधत होते. मी मनातल्या मनात विठ्ठलाचे आभार मानत होतो, तेवढ्यात कीर्तन संपलं आणि बाबा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पखवाजाची कणीक काढून गाईकडे निघालेसुद्धा! मी पखवाज टाकून धावलो. गाईनं चकती हुंगली, फुसकारली आणि पाठ फिरवली.

"तुझ्या बापाच्या कणकीसाठी हिची आजी दावं तोडायची. काय लावलं होतं रे?"

"सिलिकॉन, बाबा."

"कोणत्या गिरणीचं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चकती दाबून पाहिली, ताणून पाहिली. "वाजलं लय भारी. जागा तुझीच. पण आता गाईला काय देऊ?"

चकती आता आमच्या मिक्सरखाली आहे. मिक्सर ओट्यावर नाचायचा थांबला, त्यामुळे परातीचा गुन्हा माफ झाला. एक गोष्ट मात्र तुमच्या देखत बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून ती ह्या पत्रात लिहितो. अण्णा, चकतीचा आवाज तुमच्या कणकेपेक्षा चांगला होता.

तरी आज भजनाला कणीकच लावली. घट्ट मळली आणि ओलं फडकं जवळ ठेवलं. तिसऱ्या अभंगाला आवाज थोडा चढलाच. भजन झाल्यावर मी ती खरवडली आणि गाईपुढे धरली. तिनं कणीक खाल्ली, मग माझा हातही चाटून घेतला.