फ्रिजचा वरचा कप्पा

५ मार्च
प्रिय वहिनी,
स. न. वि. वि. बाहेर वाढवलेला गर्भ तुझ्या गर्भाशयात सोडल्याचं दादाकडून कळलं आणि मी दिवसभर प्रयोगशाळेत दात काढत हिंडले. माझं काम नेमकं याच टप्प्यावर आहे. आधी एका संप्रेरकाने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक आलं की ते अस्तर खास प्रथिनं बनवतं, आणि ती असली तरच गर्भ धरतो. तुझ्या त्या आत ठेवायच्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्याच. फ्रिजमध्ये ठेव, चुकवू नकोस. फक्त बाबांच्या नजरेला पडू देऊ नकोस, उगाच विचारत बसतील.
तुझी आगाऊ नणंद

२२ मार्च
प्रिय वन्सं,
स. न. गर्भ राहिला नाही. त्याहून पुढचं लिहायला जड जातंय. बाबा गार पाण्यासाठी सारखा फ्रिज उघडतात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, म्हणून डबी कपड्यांच्या कपाटात लपवली. उकाड्याने गोळ्या वितळल्या. बर्फात धरून पुन्हा घट्ट केल्या आणि तशाच वाकड्यातिकड्या वापरल्या. डॉक्टरीणबाईंना सांगायचा धीर झाला नाही. अजून एक गर्भ गोठवून ठेवलाय, पण तो मागायचीही लाज वाटते. घरात कुणाला कळू देऊ नका.
माया आटू देऊ नका,
वहिनी

३० मार्च
प्रिय वहिनी,
स. न. गोळ्यांमुळेच गेला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सगळं नीट होऊनही कित्येकदा गर्भ धरत नाही. पण दुसऱ्या वेळेआधी डॉक्टरीणबाईंना सगळं सांग. लाज मला वाटायला हवी, आणि वाटतेय. इथे भर सभेत मी गर्भाशय म्हणते, घरी मात्र नुसतं ‘प्रथिनं’. म्हणून बाबा शेजारीपाजारी सांगतात की लेक ताकदीची पावडर बनवते. लपवायला तुला मीच शिकवलं. आज बाबांना माझं काम नीट लिहिलंय, औषध थंड का ठेवायचं तेही. तुझ्याबद्दल अक्षर नाही.
रागावलीस तरी पत्र टाक,
नणंद

१९ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं मार्चमधलं पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं. आयुष्यभर कोटांना अस्तरं शिवली, पण या अस्तराची काडीची माहिती नव्हती. पावडरीचं आठवून कानकोंडा झालो. सूनबाईला काही विचारलं नाही. फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला आणि म्हणालो, हा तुझ्या औषधांचा, पाणी मी आता साधंच पितो.
काल दवाखान्यातून आल्यावर तिने नवी डबी माझ्यादेखत तिथे ठेवली. मान खाली होती. मीही पेपरात तोंड घालून बसलो होतो. ती आत गेल्यावर उठलो आणि दार नीट लागलंय का तेवढं पाहिलं.
तब्येतीला जप,
बाबा