छत्तिसाच्या जागी छप्पन्न

तीर्थस्वरूप मामांस भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(पत्र उभ्याने वाचत असाल तर आधी बसून घ्या.) गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. आणि माझंही तब्येतीचं काही नाही, नुसती लाज वाटते आहे.

झालं असं, की आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या बाई तीस वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपाला कुणीतरी काहीतरी वाजवायला हवं होतं, आणि आपण मामांकडे बारा वर्षं लॅप स्टील गिटार शिकलो अशी थाप मी जेवणाच्या सुट्टीत कधीतरी मारून बसलो होतो. (दोन सुट्ट्यांत तुमच्या शेजारी बसून ऐकलं, एवढंच खरं.) तेव्हा तुम्ही तारांच्या जाडीची चिठ्ठी लिहून दिली होती, ती मी जपून ठेवली आहे. तुमचं ते सी सिक्स्थ ट्यूनिंग. पहिली तार पंधरा गेजची, मग वाढत वाढत सहावी छत्तीस. मला ती छत्तीस जरा किरकोळ वाटली. दुकानदाराने विचारलं, कुठल्या ट्यूनिंगला लावणार? मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना अज्ञान कसं दाखवायचं? "नेहमीच्याच," म्हणालो आणि त्याच्याकडचा सगळ्यात जाड संच उचलला. त्यात सहावी छप्पन्न, आणि तुमची छत्तीस चक्क चौथ्या जागी! तो संच जी ट्यूनिंगचा, म्हणजे बऱ्याच खालच्या सुरांचा होता, आणि तसं पाकिटावर छापलेलंही होतं. (छापखान्यातला माणूस छापलेलं वाचत नाही, मामा.) मी तो तुमच्या सुरांना चढवला. जाड तिन्ही तारा पाच-पाच पडदे वर ताणल्या. खुंट्या पिळताना गिटार करकरली, तर मला वाटलं, आवाज मोकळा होतोय.

सगळा छापखाना खुर्च्या मांडून बसलेला, बाई पहिल्या रांगेत. दुसऱ्याच ओळीला चौथी तार तुटली आणि पाठोपाठ तारांखालची घोडी उखडून बाइंडरच्या चहात पडली. लोक पोट धरधरून हसले. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण मी खिशातून तुमची चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर नाचवली. "मामांनीच लिहून दिलंय हे!"

बाईंनी चष्मा लावला. चिठ्ठी एका हातात, गिटारीजवळ पडलेलं तारांचं पाकीट दुसऱ्यात.

"इथे छत्तीस आहे हो," त्या म्हणाल्या. "पाकिटावर छप्पन्न. तुमच्या मामांचं अक्षर मात्र स्वच्छ आहे."

मग कुणीच हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

नंतर त्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या, तिथे जाऊन मी माफी मागितली. म्हणाल्या, "माझी कशाला? ज्यांचं नाव पुढे केलंत, त्यांना लिहा."

म्हणून लिहिलं. स्वतःची चूक साठ माणसांत तुमच्या माथी मारली, मामा. तोंड दाखवायला जागा नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. : तोंड रविवारी दाखवतो. बाईंना ती धून पुरी ऐकायची आहे, त्यांना घेऊन तुमच्याकडे येतोय. त्यांच्यासमोर मला शिष्य म्हणू नका. (अगदी ओळखच नाही, असंही करू नका.)

ता. क. दुसरा : वाजवायला गिटार कुठूनतरी मागून ठेवा. तुमची माळ्यावरची गिटार मामींनी भंगारात दिली असं समजून तुम्ही महिनाभर त्यांच्याशी अबोला धरलाय ना, तो कृपया आजच सोडा.