तसबिरीखालचा श्लोक

२ नोव्हेंबर १९५२
सकाळी शाळेचे हेडमास्तर आले. त्यांच्या शाळेतल्या विष्णुपंतांची तसबीर हॉलमध्ये लावायची, १४ डिसेंबरला. खाली संस्कृत श्लोक हवा, तो माझ्याकडून. "तुम्ही नावेत त्यांच्या शेजारी होता. तुमच्याइतका अधिकारी दुसरा कोण?" अधिकार एवढाच, की मी बुडालो नाही. श्लोकात 'अंतकाळी मुखी नारायण' आलेच पाहिजे म्हणतात. येणारच. ती बातमी गावचा वार्ताहर म्हणून वर्तमानपत्राला मीच पाठवली होती.
चहा घेतला नाही. बशीत गढूळ पाण्याचा रंग दिसतो. श्रावणात कुरुंदवाडला नाव उलटली तेव्हा पोटात गेलेली नदी अजून तोंडाशी येते. सौ. म्हणते, पित्त आहे. असो, पित्त.

५ नोव्हें.
दोन चरण झाले. चांगले झाले, आणि त्याचीच शिसारी. अनुष्टुभाला खरेखोटे कळत नाही. आठ अक्षरे मोजून दिली की तो खूश.
शिंप्याकडे आणखी दोन विजारी टाकल्या. म्हणतो, "बुवा, धोतर कायमचंच सोडलासा व्हय? फ्याशन म्हनायची की." हसलो. धोतर नदीने नेले आणि बुवा लंगोटीवर काठाला लागले, हे गावात पक्के झाले आहे. किस्सा मीच रंगवतो. काल पानाच्या दुकानात परत सांगितला, टाळी घेतली. घरी येऊन ओकलो.
येथे तरी लिहावे. धोतर नदीने नेले नाही. विष्णूने धरले होते, दोन्ही हातांनी. मी कासोटा सोडला, निऱ्या उपसल्या, आणि सुटलो. तो एक अक्षर बोलला नाही. नारायण तर नाहीच.

९ नोव्हें.
रविवार, म्हणून इंदूवहिनींकडे. विष्णू गेल्यापासून दर रविवारी त्यांची विचारपूस करतो, म्हणजे त्या मला पोहे घालतात. आज शेंगा फोडत बसल्या होत्या.
"भाऊजी, एक विचारू? अठरा वर्षांच्या संसारात यांनी देवाला हाक मारलेली मी ऐकली नाही. सत्यनारायणालासुद्धा शिऱ्याच्या वासावर यायचे. आणि नेमकं बुडताना?"
म्हणालो, अंतकाळी बुद्धी पालटते.
"कुणाची?" म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा.
पोह्यांना गाळाची चव. सगळे संपवले. भित्र्या माणसाला भूक फार.

१५ नोव्हें.
पंचगंगेच्या घाटावर गेलो. का, ते सांगता येत नाही. तीन महिने अंघोळीचा तांब्यासुद्धा डोळे मिटून ओततो. संतू तिथे पोरांना पोहायला शिकवतो. त्याने माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा आवळून बांधला. शेहेचाळीस वर्षांचा काव्यतीर्थ, पाठीवर डबा. बायकांनी धुणे थांबवले. एक म्हणाली, "आज घाटावर रॉकेल मिळतंय वाटतं."
गुडघ्यापर्यंत गेलो. शेवाळ पायाला लागले, परत फिरलो. संतू म्हणाला, "उद्या या की. नदी कुटं जात न्हाय." नदीबद्दल असे म्हणणारा पहिलाच भेटला.

२३ नोव्हें.
छातीभर पाणी. नाकातोंडात गेले. वाईट, पण नुसते पाणी. संतू: "तोंड मिटा, बुवा. नदीला बातमी सांगायची न्हाय."
रविवार असून वहिनींकडे गेलो नाही. सौ.ने डोळे वर करून पाहिले.

२९ नोव्हें.
संतूला आडून विचारले, बुडणाऱ्याने धरले तर काय करावे?
"खाली जायाचं. तुमास्नी वाटतंय वर पळावं. तसं न्हाय. त्याला घिऊन बुडी मारायची. त्याला वर पायजे असतंय, त्यो खाली येत न्हाय. सोडतोयच. मग मागनं जाऊन केस धरायचं आन् वडत आनायचं."
एवढेच. बारा वर्षे व्याकरण घोकले. हे चार वाक्यांचे शास्त्र घाटावर फुकट होते.
मग तो म्हणाला, "पर ज्याला पोहाय येत न्हाय, त्येनं दुसऱ्याला काडाय जाऊ ने. दोगं बी जात्यात."
तेही खरे. घरापर्यंत हा दिलासा चघळत आलो, आणि दारात त्याचीच किळस आली. पोहता येत नव्हते हे कबूल. पण खोटे छापायला पोहता येण्याची गरज नव्हती.

७ डिसें.
श्लोक फाडला. वहिनींकडे जाऊन उभ्यानेच सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.
"दोन्ही हातांनी?"
"हो."
"म्हणजे जगायचं होतं त्यांना."
दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "चार महिने मी दारी येईल त्याला सांगतेय, शांतपणे गेले म्हणून. तुमच्या शब्दावर." "या आता. रविवारचं येत जाऊ नका."
रस्ताभर तोंड कडू. ओकलो मात्र नाही.

९ डिसें.
हेडमास्तरांना सांगितले, नारायण काढा. "तुम्हीच छापलंत की." म्हटले, रचले होते. "मग ते म्हणाले तरी काय?" काही नाही. "अहो, 'काही नाही' असं तसबिरीखाली कसं लिहायचं?" प्रश्न रास्त. वहिनींना विचारा म्हणालो. संपादकांना दुरुस्तीचे पत्र टाकले. दुरुस्ती छापतील, नाहीतर वार्ताहर बदलतील.

१३ डिसें.
आज डब्याशिवाय दहा हात. संतूने एवढेच म्हटले, "बरं."
घरी आलो तर सौ. म्हणाली, इंदूवहिनी येऊन गेल्या. बसल्या नाहीत. दारातूनच विचारले, उद्या भाऊजी येणार आहेत का.
"या म्हणून विचारलं, की येऊ नका म्हणून?"
सौ.ने पदराला हात पुसले. "मलाही कळलं नाही हो. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. तर म्हणाल्या, विचारायचं काय, त्यांचं त्यांनीच ठरवायचंय."
तसबिरीचा कार्यक्रम साडेनऊला आहे.