तालमीच्या खोलीतला शिष्टाचार

आश्विन शु. ३
आज अस्मादिकांवर घोर अन्याय झाला. तालमीच्या स्टुडिओत शिरताना चपला बाहेर काढायच्या असा नियम. काढल्या. परत आलो तर एकच. उजवी. डावी कुत्र्याने नेली. मालक विलासभाऊ, त्यांच्याकडे रीतसर निवेदन केले. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "कुत्रं आमचं नाई, सर."
"आणि नियम?"
"नियम आमचा."
न्यायदान समाप्त. वडशाच्या भर बाजारातून एका पायात चप्पल घालून स्कूटर चालवली. वीस-बावीस वर्षे बातम्या पाठवतो आहे, गावाने इतके निरखून कधी पाहिले नव्हते. मागे आमचे कन्यारत्न ऋचा. ती ड्रम वाजवते. "बाबा, दुसरीबी काढून टाका ना. कोणाले समजते?"

आश्विन शु. ५
चप्पल ठीक, हसण्यावारी नेली. आजचे नाही नेता येत.
ऋ. आणि तिच्या तीन मैत्रिणींचा बँड. संध्याकाळचा तास ठरलेला, पैसे आगाऊ दिलेले. मी बाहेर बाकावर. वेळ संपायला बराच अवकाश असताना विलासभाऊ आले, दार न वाजवता आत गेले आणि थेट मेन स्विच खाली ओढला. की-बोर्ड अर्ध्या सुरातच गप्प. ऋ. अंधारात एकटीच थोडा वेळ वाजवत राहिली.
"चला पोरीहो, उठा. नाटक कंपनी सामान ठेवाले आली."
"भाऊ, आमचा टाइम बाकी हाय."
"मंग उद्या या सकाळी."
त्याआधी एकीने संडासाची किल्ली मागितली होती. उत्तर : "तासाभरासाठी काऊन लागते?" पिण्याच्या पाण्याचा जार रिकामा. आणि दारावर पाटी काय, तर 'कृपया शांतता राखा'. ढोल बडवायच्या खोलीवर!
मुली मुकाट उतरल्या. माझे डोके सणसणत होते. ऋ. म्हणाली, "जाऊ द्या. सीझन हाय. अन् आमाले एक कंपनी मंडईच्या नाटकात घेणार हाय, आमची तालीम ऐकणार हायेत ते." मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, रात्रभर नाटक; तिथे वाजवायचे ही मोठीच गोष्ट. कोणती कंपनी, विचारायचे राहून गेले. तेव्हा मी मनात विलासभाऊंसाठी विशेषणे जुळवत होतो.

आश्विन शु. ७
गेलो. बोललो. उभ्यानेच.
पैसे घेतल्यावर ग्राहकाशी कसे वागावे, दार कसे वाजवावे, मुलींना किल्ली का नाकारू नये. माझे मराठी रागात फार संस्कृत होते. विलासभाऊ अर्धे समजले असावेत.
"सर, दसऱ्यापासून संध्याकाळ कंपनीचीच रायते. सारं वडसा जाणते."
"सारं वडसा जाणतं म्हणून ते बरोबर ठरत नाही." मग सांगितले की यावर लिहीन. संडासाच्या कुलपाच्या फोटोसकट.
त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "सर, तुमी आपलेच. पोरींची सारी संध्याकाळ फिक्स, पुरा सीझन."
घरी येऊन दोन वेळा चहा घेतला. विजयी माणसासारखा.

आश्विन शु. १०, दसरा
स्टुडिओ ओळखू येईना. नवा जार, कपबशीतला चहा, किल्ली खिळ्याला टांगलेली. "या ताई, बसा ताई. पंखा वाढवू का?" मुली बावरलेल्या. ऋ. माझ्याकडे पाहत होती, मी छताकडे.
जिन्यात गर्दी. एक पिकल्या केसांचे गृहस्थ, ऑर्गन, तबला, नारळ, झेंडूच्या माळा. मी जरा ऐटीत विचारले, "थांबावं लागतंय?"
"थांबून राह्यलो, भाऊ. वाद्यपूजा होती. करतो इथीच."
त्यांनी जिन्याच्या पायरीवरच ऑर्गनला हळदकुंकू लावले. आत ऋ.चा ड्रम चाललेला. मी वरून आपट्याचे पान दिले त्यांना. हसून.

आश्विन शु. ११
ऋ. सकाळी ओट्याशी उभी राहून, पाठमोरी :
"काल जिन्यावर गुणवंतभाऊ होते. मंडईले आमाले तेच नेणार होते."
मी काहीतरी म्हणालो.
"दसऱ्याच्या पूजेपासून त्याइची तालीम सुरू होते, त्याच खोलीत. तुमाले मंत्र येतात बाबा, नारळ नाई दिसला?"
मग वळली. "विलासभाऊ तोंडाचा फाटका हाय, मले मालूम. पण तो मले ड्रमवाली म्हणून हाकलत होता. आता 'सरची पोरगी' म्हणून चहा देते. कोणी सांगतलं होतं तुमाले?"
कोणीच नाही.
सौ. भाजी निवडत होती. मान खाली घालून म्हणाली, "लिहा ना आता लेख. चांगल्या सेवेवर."

कोजागरी
गुणवंतभाऊंकडे जाऊन आलो. खुर्ची झटकून दिली, दूध दिले, घरच्यांची विचारपूस केली. मी माफी मागितली. म्हणाले, "मले राग नाई, सर. पण कंपनीच्या लोकायनं पाहिलं. ज्या पोरींपायी पूजा जिन्यावर झाली, त्यायच्या संगं वाजवा म्हणू कसं? पाहू."
पाहू! सरळ नाही म्हणाले असते तर भांडलो असतो.
परतताना पुन्हा विलासवरच राग. त्याने स्विच ओढला नसता तर. दार वाजवले असते तर. कंपनीची पूजा आहे हे एक वाक्य नीट बोलता आले असते त्याला. आणि मला नीट ऐकता.

आश्विन व. ५
विलासभाऊंचा फोन. "सर, ताई येऊन नाई राह्यल्या. रूम खाली ठेवली तुमच्यासाठी." कंपनीला दे म्हणालो. "ते आता दुसरीकडं बसतात." फोन आपटायची सोय आजच्या फोनात नाही. ही एक वेगळीच गैरसोय.

आश्विन व. ९
गावोगावच्या मंडईच्या जाहिराती लागल्या. गुणवंतभाऊंकडून होकार नाही, नकारही नाही.
ऋ.ने जेवताना सांगितले, गडचिरोलीला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावते. दोन वर्षे मी हेच सांगत होतो. सौ. खूश. मी "उत्तम" म्हणालो. मग मला भात वाढताना ऋ. म्हणाली, "आणखी घेता का, बाबा?" एरवी पातेले पुढे सरकवते.
विलासभाऊंना अजून चार शब्द सुनावावेसे वाटतात, सुनावीनही. पण काळजी त्यांची नाही, मंडईचीही नाही. ती ड्रम सोडून देईल, त्याबद्दल कधी ब्र काढणार नाही, आणि माझ्याशी अशीच नीट, आदबीने वागत राहील. त्याची भीती वाटते.